‘माझा नातूही काढेल’ म्हणणाऱ्यांनो, बसवा एकदा नातवाला

निळीशाई:
कर्वेरोडकर काकांनी परवा मुंबईतलं आधुनिक चित्र-शिल्पांचं प्रदर्शन बघून जे लिहिलं, त्याला उत्तर द्यायला बसले आणि ते इतकं वाढलं की वेगळा धागाच काढतेय. वाचलं नसेल त्यांच्यासाठी काकांचं म्हणणं थोडक्यात: सहकुटुंब गेलो, जिने चढून गुडघे दुखले, दिसलं काय तर रंगाचे ओघळ आणि भंगारातलं लोखंड. असलं माझा नातूही काढेल. सगळी पाश्चात्त्यांची नक्कल. अमूर्त चित्रं काढणाऱ्या गायतोंड्यांच्या एका चित्राला ४० कोटी म्हणजे दिवसाढवळ्या दरोडा. खरी कला चित्रकार रवि वर्मा आणि शिल्पकार म्हात्र्यांबरोबर संपली.

खाली ‘अगदी मनातलं बोललात’ म्हणणाऱ्यांची ही रांग. बदामांचा पाऊस.

आधी नातू. गायतोंडे १९४८ ला मुंबईच्या जेजे कलाशाळेतून पदविका घेऊन बाहेर पडले. म्हणजे घडा, फडकं, प्लास्टरचा पाय, नग्नाभ्यास, सगळं घोटून झालेलं. त्यांची सुरुवातीची चित्रं बघा. माणसं आहेत, बायका आहेत, पहाडी मुलखातल्या बसोली लघुचित्रांसारखे सपाट रंग आणि ठाम रेषा आहेत. युरोपातल्या पॉल क्ले या आधुनिक चित्रकाराचा प्रभाव आहे. मग पन्नासच्या दशकात माणसं एकेक करून चित्राबाहेर जातात आणि पुढे रोलर, सुरी, कागदाचे कपटे, थरावर थर, पुसणं, खरवडणं. वर्षाकाठी जेमतेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी चित्रं. काका, नातवाला रोलर द्या आणि पहिला थर वाळेपर्यंत काही न करता समोर बसायला सांगा. तिथंच नापास होईल. मीही होईन.

आता नक्कल. १९४७ ला मुंबईत आधुनिक चित्रकार-शिल्पकारांचा जो प्रोग्रेसिव्ह गट जमला त्यातले सहा जण कोण? सूझा साळगावचे, गोव्याचे. चले जावच्या वेळच्या भानगडीत जेजेतून काढून टाकलेले. हुसेन पंढरपूरला जन्मलेले, सिनेमाची होर्डिंगं रंगवणारे. रझा मध्य प्रदेशातल्या जंगलखात्याच्या घरातले. आरा सिकंदराबादकडून पळून आलेले, लोकांच्या मोटारी धुवून पोट भरणारे. गाडे अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे. बाकरे शिल्पकार. यातल्या कुणाला पॅरिसचं तिकीट घेऊन नक्कल करायला कुणी पाठवलं होतं? हो, हिटलरच्या भीतीनं मुंबईत आलेले लँगहॅमर, लायडन, श्लेसिंगर यांनी त्यांना युरोपातली चित्रं छापील पुस्तकांतून दाखवली, त्यांची स्वतःची चित्रं विकत घेतली, पाठीशी उभे राहिले. ते लपवायचं कारण नाही. पण मग रवि वर्मांचं काय? तैलरंग युरोपचे, छायाप्रकाश युरोपचा, आणि १८९४ ला गिरगावात काढलेल्या छापखान्यातली यंत्रं नि तंत्रज्ञ जर्मन! तिथं लक्ष्मी-सरस्वती छापल्या की स्वदेशी आणि इथं रंगाचा थर दिला की परदेशी, हा कुठला न्याय?

आणि ४० कोटी. मार्च २०२१ च्या लिलावात १९६१ चं एक चित्र ३९ कोटी ९८ लाखांना गेलं, तो आकडा खरा. पण गायतोंडे २००१ मध्येच वारले. दिल्लीत निजामुद्दीनच्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, राहत होते. ते पैसे विकणाऱ्याचे. राग किमतीवर असेल तर श्रीमंतांवर काढा, चित्रावर का काढता?

कर्वेरोडकर:
बाई, इतकं लिहिलंत त्याबद्दल आभार. पण माझ्या पोस्टमधल्या मुख्य मुद्द्याला हातही लावला नाहीत. गायतोंडे जेजेत काय शिकले हे मला भिंतीवर दिसायला हवं ना? चित्रकाराचं चरित्र वाचल्याशिवाय चित्र चांगलं वाटत नसेल तर ते चित्र अपुरं. अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार करमरकरांच्या घरी जा. कोळीण दिसते, म्हैस दिसते, माणूस तिथंच थबकतो. आमची मोलकरीणसुद्धा थबकली होती. गावच्या देवळाच्या भिंतीवर महाराजांचं चित्र काढणारा पोरगा, कलेक्टर रॉथफील्डनं हेरून जेजेला पाठवला, आणि त्यानं १९२८ ला पुण्याचा अश्वारूढ पुतळा एकसंध ओतून दाखवला. याला म्हणतात शिल्प. तुमच्या त्या लोखंडाला टेटनसचं इंजेक्शन घेऊन बघावं लागतं.

फोडणी:
टेटनस 😂 मी बसले पॉपकॉर्न घेऊन. चालू द्या.

निळीशाई:
‘मोलकरीणसुद्धा’ हा शब्द तेवढा उचलून बाजूला ठेवते, त्याबद्दल नंतर बोलू.

लोखंड शिल्पकार पिलू पोचखानावालांचं असणार. यंत्रांचे टाकाऊ भाग वेल्ड करायच्या. भंगार आहेच ते, लपवलंय कुठे? साठच्या दशकातल्या मुंबईत गिरण्या, गोदी, कारखाने; त्या शहरानं टाकलेलं लोखंड त्या शहराच्याच बाईनं उभं केलं. करमरकरांची म्हैस जितकी सासवण्याची, तितकंच हे मुंबईचं. आणि ज्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये आज राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, ते तिथं व्हावं म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षं खेटे घातले त्यांत त्या होत्या. १९९६ ला ते उघडलं, त्या १९८६ लाच गेल्या. फिरा जरा त्या शिल्पाभोवती. मागून बघितलंत का?

कर्वेरोडकर:
मागे भिंत होती.

हिशेबनीस:
मी सीए आहे, कलेतलं कळत नाही, आकड्यांतलं कळतं. हुसेनचं ‘ग्रामयात्रा’ हे १९५४ चं चित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला सुमारे ११८ कोटींना गेलं. त्याआधी अनेक दशकं ते नॉर्वेतल्या एका इस्पितळात टांगलेलं होतं. पेशंट, नर्सा, डॉक्टर रोज समोरून जात होते. तेव्हा ते महान नव्हतं का? चित्र तेच, भिंत बदलली आणि ११८ कोटी झाले. ही कला नाही, ही टंचाई निर्माण करून भाव चढवण्याची रीत आहे. जमिनीत करतात तीच.

हडसनकाठ:
हिशेबनीस, इस्पितळातल्या पेशंटांना ते आवडत नव्हतं हे तुम्हाला कोणी सांगितलं? फुकट बघत होते बिचारे, मला तर हेवा वाटतो.

मी २०१४ च्या थंडीत न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात गायतोंड्यांचं मोठं प्रदर्शन बघितलं (फेब्रुवारी २०१५ पर्यंत होतं). बायकोला मॉलमध्ये जायचं होतं, मी ‘अर्ध्या तासात येतो’ म्हणून शिरलो. एका हिरवट राखाडी चित्रासमोर उभा राहिलो आणि पाचेक मिनिटांनी त्यातलं खालचं काहीतरी वर यायला लागलं. कसं सांगू. पहाटे खिडकीची काच पुसावी तसं. शेजारी एक म्हातारी अमेरिकन बाई, तिनं विचारलं हा माणूस कुठला. मी म्हटलं, गिरगावातल्या कुडाळदेशकर वाडीचा. तिला काय कळणार, पण माझी छाती फुगली ना! बायको नंतर दोन दिवस बोलली नाही ते सोडा.

शास्त्रीय संगीतात आलाप ऐकताना आपण ‘याचा अर्थ काय’ विचारतो का? मग चित्रालाच का?

कर्वेरोडकर:
आला! आलाप आला! मी वाटच बघत होतो. अहो, प्रत्येक वेळी अमूर्त चित्राच्या बचावाला किशोरीताई, भीमसेन आणि आलाप. थांबवा ते. आलापात सूर चुकला तर सवाई गंधर्वला मागच्या भारतीय बैठकीतला माणूससुद्धा चुकचुकतो. गायतोंड्यांचं बेसूर चित्र कुठलं ते मला दाखवा. एक दाखवा! सगळीच थोर कशी? जिथं चूक ओळखता येत नाही तिथं बरोबरही ओळखता येत नाही. साधं तर्कशास्त्र आहे.

अकोल्याचा आहे:
काकांच्या या प्रश्नावर टाळ्या. खरंच, उत्तर द्या कोणीतरी. (आणि आमच्या अकोल्याचे चित्रकार अंबादासही याच अमूर्ताच्या वाटेनं गेले, सत्तरच्या दशकात नॉर्वेला जाऊन राहिले. त्यांचं नाव कुणी घेत नाही ते बघून घ्या. मुंबईवाल्यांना मुंबईच दिसते.)

निळीशाई:
काका, हा प्रश्न चांगला आहे. (बघा, मी म्हटलं.) सगळी थोर नाहीतच. ऐंशीच्या दशकातल्या अपघातानंतर त्यांनी बरीच वर्षं रंगाला हात लावला नाही. त्याआधीची आणि नंतरची शेजारी ठेवा, मला तरी नंतरच्या काहींत चिन्हं नुसती ठेवून दिल्यासारखी वाटतात. खालच्या थरातून वर आलेली नाहीत. हे मला बेसूर वाटतं. दुसऱ्याला वाटणार नाही, मग भांडू. पण भांडायला आधी चित्रं बघितलेली हवीत.

सवाईतला माणूस चुकचुकतो कारण त्यानं आयुष्यभर रेडिओवर, गणपतीत, शेजारच्या काकूंच्या क्लासातून सूर ऐकलाय. आपण चित्र कुठं बघतो? कॅलेंडरवर आणि बँकेच्या डायरीवर. शाळेत चित्रकलेच्या तासाला गणिताचे सर यायचे. डोळ्याला रियाजच नाही तर बेसूर कळणार कुठून?

फोडणी:
गणिताचे सर! 😂 आमच्याकडे ड्रॉइंगच्या तासाला मुलींना स्टाफरूमचे पडदे शिवायला बसवायचे. एलिमेंटरीला संकल्पचित्रात वर्तुळात मासे बसवले होते मी, सगळे एका दिशेनं पोहताना. एक मासा उलटा काढला तर सरांनी पानच फाडलं. ‘आवृत्ती चुकली’ म्हणे. त्या दिवशी माझ्यातला गायतोंडे मेला.

अकोल्याचा आहे:
इंटरमिजिएटच्या स्थिरचित्राला आमच्यासमोर पितळी तांब्या, दोन कांदे आणि एक वांगं ठेवलं होतं. मी शेवटच्या बाकावर. तांब्या दिसतच नव्हता, पुढच्याचं डोकं दिसत होतं. डोकं काढलं. सी ग्रेड.

हडसनकाठ:
डोकं काढलं म्हणजे तुम्ही खरे आधुनिक!

स्मरणचित्राचे विषय आठवतात का? ‘बाजार’, ‘फुगेवाला’, ‘पावसाळी दिवस’. आमच्या क्लासवाल्या सरांनी तीन माणसं पाठ करून घेतली होती: एक छत्रीवाला, एक टोपलीवाली, एक पाठमोरा मुलगा. कुठलाही विषय येवो, हे तिघं हजर. स्मरणचित्र म्हणजे काय तर सरांचं स्मरण.

हिशेबनीस:
खरं दुखणं इथं आहे. चित्रकला शिक्षकांनीच महाराष्ट्रातल्या मुलांची वाट लावली. आयते मासे, आयत्या छत्र्या, ए ग्रेड आणि दहावीला सवलतीचे गुण. विषय संपला. फुकटचा पगार घेणारी जमात.

खडूफळा:
हिशेबनीस साहेब, ‘जमात’ हा शब्द मागे घ्या.

मी एटीडी, म्हणजे कलाशिक्षक पदविका, झालेला कलाशिक्षक आहे, पंढरपूर तालुक्यात. फुकटच्या पगाराचं ऐका. आधी मतदारयाद्या, मग जनगणना, मग पोषण आहाराची नोंद, मग कुठल्यातरी सप्ताहाची रांगोळी, शिक्षणाधिकारी येणार म्हणून फलकलेखन, गॅदरिंगचा पडदा, मुख्याध्यापकांच्या मुलीच्या लग्नाचं स्टेज. यातून तास मिळाला तर वर्गात साठाच्या वर पोरं आणि त्यातल्या निम्म्यांकडे रंगपेटी नाही. मी माझ्या पैशानं पोस्टर कलरच्या बाटल्या आणतो आणि झाकणात ओतून वाटतो. आता तर नवीन कलाशिक्षक भरतच नाहीत, तासिकेवर माणूस आणतात, तो तीन शाळा फिरतो. तुम्ही शहरात बसून आमच्यावर खापर फोडा.

आणि मासे पाठ करून घेतो कारण पालक येऊन विचारतात, ‘सर, ए ग्रेड येईल ना?’ गायतोंडे समजला का, असं आजवर एकाही पालकानं विचारलेलं नाही. हिशेबनीस साहेबांनी त्यांच्या मुलाच्या शाळेत कधी विचारलं होतं?

हिशेबनीस:
माझ्या मुलाच्या शाळेची फी मी भरतो, मला प्रश्न विचारायचा हक्क आहे. आणि चिडायचं काही कारण नाही, मी व्यक्तिशः तुम्हाला म्हटलं नव्हतं. टोपी ज्याच्या डोक्यावर बसली त्यानं…

खडूफळा:
हेच. हीच भाषा. टोपी बसवणारे तुम्ही, आणि तुम्हीच म्हणणार चिडू नका.

निळीशाई:
खडूफळा सर, माझ्या ‘गणिताचे सर यायचे’ या वाक्यावरून हे पेटलं, पण माझा रोख तुमच्यावर नव्हता. गणिताचे सर यायचे कारण कलाशिक्षकाची जागाच रिकामी होती. हिशेबनीस, ‘जमात’ खरंच मागे घ्या.

हिशेबनीस:
बरं बाई. ‘जमात’ मागे. ‘काही जण’ असं वाचावं. झालं समाधान?

खडूफळा:
नाही झालं. पण एक सांगतो, विषयालाही धरून आहे. गेल्या वर्षी आठवीच्या पोरांना हुसेनच्या घोड्यांचे फोटो दाखवले. म्हटलं, हा माणूस आपल्या पंढरपुरात जन्मला. कुणाचाच विश्वास बसेना. एक पोरगं म्हणालं, सर, घोडं वारीतल्या रिंगणातलं वाटतंय. मी गप्पच झालो. हुसेननं काय बघितलं होतं ते मला ठाऊक नाही, पण रिंगण रोज मनात असलेल्या पोराला त्या रेषेचा वेग लगेच कळला. जेजेची पदविका लागली नाही. पुढच्या आठवड्यात एका पालकाची तक्रार आली, हुसेन का दाखवला म्हणून. त्यापुढचं लिहीत नाही.

अकोल्याचा आहे:
पालकांचंही बरोबर असू शकतं. त्यानं काय काय काढलं होतं ते…

फोडणी:
नको. नको. नको. तो धागा तीनदा बंद पडलाय, चौथ्यांदा नको. घोड्यावर थांबा.

वकिली सल्ला मोफत:
उशिरा आलो. दोन कायदेशीर गोष्टी, कुणी विचारलेल्या नसल्या तरी.

एक, निळीशाई म्हणाल्या की लिलावाचे पैसे विकणाऱ्याचे. कॉपीराइट कायद्याचं कलम ५३अ वाचा. मूळ चित्र दहा हजार रुपयांच्या वर पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसाला वाटा मागता येतो, कमाल १० टक्के. कागदावर आहे. माझ्या वकिलीत अजून एकही अशील ते मागायला आला नाही. दोन, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली ज्या नऊ चित्रकारांची कामं राष्ट्रीय ठेवा ठरवून देशाबाहेर विकायला बंदी आहे, त्यांत रवि वर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, ठाकूर घराण्यातले तिघं वगैरे. मुंबईच्या या आधुनिकांपैकी एकही नाही. म्हणजे कर्वेरोडकरांना रुचतात ते रवि वर्मा सरकारी कुलपात आणि गायतोंडे विमानात.

कर्वेरोडकर:
वकीलसाहेब, कायद्यालासुद्धा कुठली कला ते कळतं, हेच मी म्हणतोय. 😀

दाभोळची खाडी:
सगळे गायतोंडे-हुसेन करताय. सहावा माणूस बाकरे, त्याच्यावर निळीशाईताईंनी दोन शब्द लिहिले, ‘बाकरे शिल्पकार’. संपलं.

सदानंद बाकरे. त्या गटातला एकटा शिल्पकार. कर्वेरोडकर, तुम्हाला आवडतात तसे हुबेहूब अर्धपुतळे हा माणूस तरुणपणी करायचा, त्यावर बक्षिसं मिळवलेली. ते सोडून तो मोडतोडीकडे गेला. १९५१ ला लंडनला गेला, १९७५ ला परत आला, आणि राहिला कुठे? मुंबईत नाही, दिल्लीत नाही. आमच्या दापोली तालुक्यात, मुरूड-हर्णैला. २००७ मध्ये तिथंच वारला. मी त्याच तालुक्यातला. माझा मामा हर्णैच्या लिलावाला रोज जायचा, म्हणजे मासळीच्या. तुमच्या कोटींच्या नव्हे. आमच्यापैकी कुणालाही ठाऊक नव्हतं की हा माणूस कोण. मुरूड म्हटलं की आम्ही पाव्हण्यांना सांगणार महर्षी कर्व्यांचं गाव. बाकरे गेल्यावर पेपरात वाचलं आणि मामा म्हणाला, ‘अरे, असा कोण होता आपल्यात?’

तेव्हा ‘पाश्चात्त्यांची नक्कल’ म्हणताना जरा दमानं. आणि निळीशाईताई, तुम्हीही दमानं. गायतोंडे महाग झाले म्हणून तुम्हाला आठवतात. बाकरे तितके महाग नाहीत, म्हणून दोन शब्द.

निळीशाई:
लागलं. पण अगदीच मान्य नाही. गायतोंडे भिंतीवर सापडतात, बाकरे सापडत नाहीत, हेही कारण आहे. शिल्पं ठेवायला जागा लागते, वाहून न्यायला माणसं लागतात, कुणी घरी घेत नाही.

हडसनकाठ:
या वादाला थोडा पुरावाही लावतो. ‘पोरगंही काढेल’ या दाव्याची चाचणी झालीय. बॉस्टन कॉलेजच्या दोन मानसशास्त्रज्ञ बायकांनी २०११ मध्ये लोकांना नामवंत अमूर्त चित्रकारांची चित्रं आणि लहान मुलं, माकडं, हत्ती यांनी केलेली रंगरंगोटी अशा जोड्या दाखवल्या. लोकांनी साठ-सत्तर टक्के वेळा चित्रकाराचंच निवडलं. खोट्या पाट्या लावल्या तरीसुद्धा.

कर्वेरोडकर:
म्हणजे तीस-चाळीस टक्के वेळा माकड जिंकलं! हाच माझा पुरावा, धन्यवाद.

फोडणी:
माकड १, हडसन ०.

अकोल्याचा आहे:
माझ्या मेहुण्याचं पोरगं खरंच चांगलं काढतं अशी चित्रं. अभ्यासाची गरज नाही.

सातवा मजला:
आतापर्यंत नुसती वाचत होते. एक कुणीच बोललं नाही म्हणून. मी सासूबाईंना घेऊन अशाच एका प्रदर्शनाला गेले होते, कुठलं ते मुद्दाम लिहीत नाही. चित्राशेजारी पाटी असते ना, इंग्रजीत, अशी की मला एमए इंग्लिश असून दोनदा वाचावी लागली. ‘अवकाशाची मीमांसा’ छापाची वाक्यं. मराठीत अक्षर नाही. आणि चित्रकार कोण, तर नागपुरात जन्मलेला, गिरगावात वाढलेला! सासूबाई म्हणाल्या, ‘मला फक्त एवढं सांग, यानं हे आधी काढलं का नंतर?’ म्हणजे माणसं असलेली चित्रं आधीची की नंतरची. पाटीवर वर्ष बारीक अक्षरात होतं, त्यांना दिसेना. मी वाचून सांगत गेले. मग त्या स्वतःच वर्षं लावत फिरल्या, इथे डोळे गेले, इथे हात गेले, असं करत. बाहेर आल्यावर म्हणाल्या, शेवटचं नाही कळलं, पण सोडत कसा गेला ते कळलं.

कर्वेरोडकर काका, तुम्ही चरित्र नको म्हणता. मला वाटतं निदान साल तरी मोठ्या अक्षरात हवं.

कर्वेरोडकर:
हे मात्र शंभर टक्के. पाट्या! आमच्याकडेही तेच. मी पाटी वाचायला वाकलो तर रखवालदार ओरडला, रेषेच्या आत आलात म्हणून. मराठीत पाटी लावा, साल मोठं लावा, बसायला बाकडं ठेवा, मग मी गायतोंड्यांसमोर हवा तेवढा वेळ बसतो. गुडघे दुखत असताना कोणाला खालचा थर दिसतो?

खडूफळा:
म्हणजे काका, तुमचं भांडण चित्राशी नव्हतंच, बाकड्याशी होतं.

कर्वेरोडकर:
चित्राशीही आहे. सालाचं मान्य, बाकड्याचं मान्य, बाकऱ्यांचं वाचलं नव्हतं ते आता शोधून वाचीन. ४० कोटींचं मान्य नाही आणि मरेपर्यंत होणार नाही. नातवाचं काढून घेतो, कारण सूनबाईनं हा धागा वाचला आणि घरात वेगळाच वाद सुरू झालाय.

निळीशाई:
‘मोलकरीणसुद्धा’ राहिलंय अजून.

कर्वेरोडकर:
‘सुद्धा’ काढतो. मोलकरीण थबकली होती. ती माझ्याआधी थबकली होती, लिहा हवं तर.

हिशेबनीस:
सगळं ठीक, पण भाव कोण ठरवतं याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. आलाप, रिंगण, सासूबाई, सगळं झालं. ११८ कोटींचं काय?

वकिली सल्ला मोफत:
ज्याच्याकडे ११८ कोटी आहेत तो ठरवतो. याला कलम नाही.

नवखा०७:
मी इथं नवीन आहे. पुढच्या आठवड्यात मुंबईत परीक्षेला येतोय, एक दिवस रिकामा आहे. फोर्टातलं ते आधुनिक कला संग्रहालय सोमवारी उघडं असतं का?

दाभोळची खाडी:
सोमवारी बंद. मंगळवारी जा. आणि शिल्पं आधी बघ, चित्रं नंतर. लोक उलट करतात आणि लोखंडापर्यंत पोचेस्तोवर दमतात.

फोडणी:
समोरच्या बाजूला जहांगीर आर्ट गॅलरी आहे, तिथं फुकट आहे. तिथलं सामोवार हे उपाहारगृह मात्र २०१५ लाच बंद झालं, त्यामुळे वडे खाऊनच जा.

अकोल्याचा आहे:
आणि अंबादासचं काही दिसलं तर इथं येऊन सांग. नसलं दिसलं तरी सांग, मला भांडायला कारण हवंय.